काटा थांबेपर्यंत

खोर ख्वैरच्या खाणीवर पोचले तेव्हा
सव्वासहा वाजलेले, आणि उन्हाला आधीच धार.
वजनकाट्याच्या केबिनमध्ये एसी कण्हत होता,
खिडकीच्या फटीत वर्तमानपत्राच्या घड्या कोंबलेल्या,
तरी कीबोर्डवर चुनखडीचा थर.
दहा आकडे आणि एंटर, तेवढेच काळे, लख्ख.

चौगुलेमामा दापोलीकडचे.
म्हणाले, "शारजातून पोरगी पाठवतील असं वाटलं नव्हतं.
बस."
मी बसले नाही. मशीन खोललं.

आत आयसाचं कार्ड, वीतभर लांब, सोनेरी दातांचं,
काळ्या खाचेत पंधरा वर्षं रुतून बसलेलं.
ही वाट आठ मेगाहर्ट्झची.
एका खेपेत दोन बाइट,
एका खेपेला तीन ठोके,
आणि कार्ड म्हणालं थांब, तर चौथा, पाचवा,
तोवर प्रोसेसर हाताची घडी घालून उभा.
माहितीपत्रकात सेकंदाला आठ मेगाबाइट लिहिलेले.
स्थळाच्या चिठ्ठीत मुलगाही निर्व्यसनीच असतो.
मी मोजले: सातशे किलोबाइट.

शेजारी नवं मशीन. नवं म्हणजे आमच्या गोदामातलं,
पांढऱ्या पीसीआय खाचांचं,
तेहतीस मेगाहर्ट्झ, एका खेपेत चार बाइट.
पण जुन्यातून निघेल त्याच चालीनं नव्यात पडणार.
दोन गिगाची डिस्क, गळ्यापर्यंत भरलेली.
"किती वेळ?"
"पाऊण तास. वर दोन-तीन मिनिटं."
"तोवर काटा बंद?"
"बंद."

सात वाजता नऊ ट्रक होते,
साडेसातला शेपूट समुद्राच्या वळणापर्यंत.
नूरजमालनं उतरून काच वाजवली,
"मॅडम, उधर जहाज खडा है."
मामांनी त्यालाही चहा दिला,
डबाबंद दुधाचा, वेलची जास्त झालेला.

पडद्यावर फायली सरकत होत्या, एका दिवसाची एक,
आणि मामा त्या ओळखत होते.
"ही वादळाची. चारच गाड्या.
ही मी सुट्टीवर होतो तेव्हाची, उघडून बघ हवी तर,
बदलीवाल्यानं हातानं टाकलीयेत, सगळ्या गाड्या चाळीस टन.
बरोब्बर चाळीस!
दगड काय कोणी तोळ्यावर भरतं?"
एक फाईल आली तेव्हा काही बोलले नाहीत.
मीही विचारलं नाही.
ती इतरांइतकाच वेळ घेऊन गेली.

आठ वाजून दहा मिनिटांनी कार्ड उपसलं.
खाचेच्या ओठांवर बारीक पांढरी रेघ, डोंगराची.
नवं बसवलं, तारा जोडल्या, स्क्रू आवळले,
आणि नूरजमाल सगळ्यांच्या आधी काट्यावर चढला.

त्रेचाळीस आठशे.
चव्वेचाळीस दोनशे दहा.
त्रेचाळीस नऊशे चाळीस. चव्वेचाळीस. त्रेचाळीस नऊशे साठ.
आकडे डोळ्यापुढे माशांसारखे.
"बिघडलं," मामा म्हणाले.
बिघडलं नव्हतं.
ट्रक चढला की स्प्रिंगा डुलतात, दगड दगडावर बसतो,
चालक ब्रेकवरचा पाय हलवतो,
हे सगळं पंधरा वर्षं इथं होतच होतं.
जुनं मशीन सेकंदातून एकदा विचारायचं
आणि जे कळेल ते शांतपणे सांगायचं.
नवं शंभरदा विचारतं,
आणि शंभरदा खरं उत्तर मिळतं.

मामांनी घड्याळ बघितलं.
चार सेकंदांनी आकडा उभा राहिला: त्रेचाळीस नऊशे ऐंशी.
"आधीही चारच लागायचे," ते म्हणाले.
"वेळ काट्याला कधीच लागत नव्हता, पोरी. ट्रकला लागतो."

मी पाना पुसला, पिशवी भरली.
पुढची गाडी चढत होती, आकडे पुन्हा थरथरायला लागले,
आणि मामा त्या पडद्याकडे बघून
मघाशी मला म्हणाले होते तसंच,
तेवढ्याच मायेनं, तेवढ्याच वैतागानं म्हणाले,
"बस, बाई. बस."